ऑकलंडचे संघ का गेले?
अमेरिकेतील व्यावसायिक संघ शहराचे नाव लावतात. मालकी मात्र बहुधा खासगी असते. मालकाला अन्यत्र अधिक लाभ दिसला, की संघ गाव सोडतो. कॅलिफोर्नियातील ऑकलंडने हे तीनदा सोसले. २०१९ मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, २०२० मध्ये अमेरिकी फुटबॉलचा रेडर्स लास वेगासला. बेसबॉलचा अ‍ॅथलेटिक्स तरी राहावा, म्हणून १३ जून २०२३ रोजी २७ हजारांहून अधिक चाहते 'संघ विका' असे मालकाला बजावत जमले. एरवी ओस पडणारे हेच मैदान! त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास वेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक निधी मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये सर्व ३० संघमालकांनी स्थलांतरास एकमुखी संमती दिली. चाहत्यांना तिथे मताधिकारच नव्हता. सप्टेंबर २०२४ मधील अखेरच्या सामन्याला ४६ हजारांवर प्रेक्षक आले.