आंघोळीचं पाणी गेलं कुठं?

आज आंघोळ केलीत ना? मग सांगा बघू, तुमच्या अंगावरून ओघळलेलं पाणी आत्ता कुठं असेल?

"मोरीत!" बरं, मोरीतून पुढं? "पाइपातून बाहेर." आणि बाहेरून? इथं भलेभले डोकं खाजवतात.

चला, हिशोब करू. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागं रोज 55 लिटर पाणी धरलंय. घरात पाच माणसं, म्हणजे 275 लिटर. पिण्यात, सडा घालण्यात थोडं संपतं. उरलेलं साधारण 200 लिटर सांडपाणी होतं. रोज एक मोठं पिंप भरून!

ते गल्लीत सोडलं की डबकं साचतं. डबक्यात नीट बघा, काहीतरी वळवळतंय. त्या क्युलेक्स डासाच्या अळ्या. शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून त्या उलट्या लटकतात आणि त्या नळीतून श्वास घेतात. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. हत्तीरोग पसरवणारा डास तो हाच.

मग हे पाणी जमिनीला प्यायला दिलं तर? द्यावं की! पण आपल्या परभणीकडची काळी माती मोठी लहरी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की गोटी आत गेली तर पुन्हा दिसायची नाही. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि मग ती म्हणते, "आता एक थेंबही नको!" खोल खणलं आणि खाली मुरूम लागला, तर मात्र पाणी झरझर मुरतं.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी घरोघरी शोषखड्डे केले, सांडपाणी गल्लीत येणं थांबलं आणि डासमुक्त गाव म्हणून टेंभुर्णीचं नाव झालं.

शोषखड्डा कसा असतो? साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची छोटी टाकी, तिला वरच्या बाजूला भोकं. भोकं तळाशी का नाहीत? कारण केस, माती, भाताची शितं तळाशी बसतात आणि वरचं निवळ पाणी तेवढं भोकांतून बाहेर पडतं. टाकीभोवती दगड रचलेले असतात. वरून सगळं झाकलेलं, त्यामुळं डासाला अंडी घालायला जागाच नाही. टाकीतला गाळ मात्र अधूनमधून काढावा लागतो, नाहीतर खड्डा तुंबतो.

खरी गंमत पुढंच आहे. काही दिवसांत दगडांवर बुळबुळीत थर चढतो. ती घाण नव्हे, ती जिवाणूंची पंगत! चमचाभर चांगल्या मातीत जिवाणू अब्जाच्या घरात असतात. साबण, तेल, खरकटं हे त्यांचं जेवण. ते खातात आणि पाणी पुष्कळसं साफ होऊन खाली मुरतं. शहरातल्या मोठ्या सांडपाणी प्रकल्पातही हेच कामगार असतात. तिथं त्यांना भरपूर हवा मिळावी म्हणून यंत्रानं पाण्यात बुडबुडे सोडतात, एवढाच फरक.

एक मात्र लक्षात ठेवा. शोषखड्डा फक्त मोरीच्या आणि भांडी घासलेल्या पाण्यासाठी. संडासाचं पाणी त्यात सोडायचं नाही. खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून लांबच हवा. आणि खड्ड्याला जागा नसेल, तर परसात कर्दळ, केळ, अळू लावा. मोरीचं पाणी त्यांना मिळालं की ती झाडं कशी तरारतात बघा!

उद्या आंघोळ झाली की एक काम करा. मोरीच्या पाइपाचा माग काढत बाहेर जा. पाणी झाडाला जातंय की डबक्यात? डबकं दिसलं, त्यात वळवळ दिसली, तर घरच्यांचा हात धरून त्यांना तिथं न्या आणि विचारा, "आपला शोषखड्डा कधी खोदायचा?"