मेंदूतल्या काळ्या पेशी का मरतात?

1982 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरात काही तरुण माणसं अचानक लाकडासारखी ताठ झाली. हलता येईना, बोलता येईना. लक्षणं थेट कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची. पण हा आजार सहसा साठीच्या आसपास येतो आणि हळूहळू वाढतो. डॉ. विल्यम लँग्स्टन यांनी माग काढला, तेव्हा कळलं की सगळ्यांनी घरगुती प्रयोगशाळेत बनवलेलं नकली हेरॉइन टोचून घेतलं होतं. त्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती.

एमपीटीपी स्वतः फारसं घातक नाही. रक्तातून ते सहज मेंदूत शिरतं. तिथल्या आधारपेशींमधलं एक विकर त्यापासून एमपीपी-प्लस हे खरं विष तयार करतं. मध्यमेंदूत डोपामिन बनवणाऱ्या काळसर पेशींचा पट्टा असतो. बाहेर सोडलेलं डोपामिन परत आत घ्यायला या पेशींना खास दार असतं आणि ते विष नेमकं त्याच दाराने आत घुसतं. आत ते तंतुकणिकांना गाठतं, ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी बंद पाडतं आणि पेशी मरते. ज्या पेशींना हे दार नाही, त्या बऱ्याच अंशी वाचतात.

एक रसायन असं करू शकतं, तर शेतातली? पॅराक्वाट या तणनाशकाचा रेणू एमपीपी-प्लसशी मिळताजुळता आहे. रोटेनोन हे कीटकनाशक तर ऊर्जेची तीच पायरी अडवतं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या फवारणी करणाऱ्यांच्या 2011 सालच्या अभ्यासात, ही रसायनं वापरणाऱ्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. एवढ्यावरून हेच कारण असं सिद्ध होत नाही. तरी पॅराक्वाट आपल्याकडे विकलं जातं, आणि हातमोजे, मास्क न घालता फवारणारा शेतकरी पाहिला की मला काळजी वाटते.

आनुवंशिकतेचा धागा सापडला इटलीतल्या कॉन्टुर्सी गावात मूळ असलेल्या एका मोठ्या कुटुंबात. 1997 साली त्यांच्या अल्फा-सिन्युक्लीन जनुकात बदल आढळला. त्याच वर्षी दिसलं की रुग्णांच्या मेंदूपेशींत साचणाऱ्या गाठींमध्येही हेच प्रथिन असतं, घराण्यात आजार नसलेल्या रुग्णांच्याही. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. एका दुर्मीळ घराण्याने सगळ्यांच्या आजाराची वाट दाखवली.

पुढे पिंक-1 आणि पार्किन ही जनुकं सापडली. त्यांचं काम घंटागाडीसारखं: बिघडलेल्या तंतुकणिका हुडकून बाहेर काढायच्या. ती बिघडली तर कमी वयातच कंपवात होतो. म्हणजे विषाचा घाव जिथे, जनुकातल्या दोषाचाही तिथेच.

वडिलांना आहे म्हणून मुलाला होणारच, असं मात्र नाही. बहुतेक रुग्णांत एकच एक दोषी जनुक सापडत नाही. एलआरआरके-2 या जनुकातला बदल असूनही अनेक जण आयुष्यभर धडधाकट राहतात. त्यांना कशाने वाचवलं, हे शोधण्यासाठी संशोधक आता अशा निरोगी माणसांचीही वर्षानुवर्षं तपासणी करत आहेत.