थंडी आधी, की ताप आधी?

तापाने फणफणलेला माणूस पारंपरिक चिनी वैद्यापुढे आला, की आधी प्रश्न सुरू होतात. अंगावर काटा येतो का? पांघरूण घेतले की थंडी जाते, की तरीही हुडहुडी भरते? घाम फुटतो, की कातडी कोरडीच? तहान लागली तर गार पाणी हवेसे वाटते की कोमट? थंडी आधी वाजते, की ताप आधी चढतो? मग जीभ बाहेर काढायला सांगतात, दोन्ही मनगटांची नाडी पाहतात. ताप किती आहे यापेक्षा तो कसा आहे, याला या वैद्यकात मोल. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या विद्येची कसोटी अनेकदा लागली आणि बहुतेक वेळा ती घेणारा तापच होता. प्लेगचा, मेंदूज्वराचा, हिवतापाचा आणि अलीकडे कोविडचा.

या विचाराची मुळे दूरवर जातात. सुमारे १८०० वर्षांपूर्वी, हान राजवटीच्या अखेरीस, झांग झोंगजिंग या वैद्याने ‘शांगहान लुन’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातली दोन-तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत गेली आणि त्यांतली बहुतेक तापाने, असे तो प्रस्तावनेत सांगतो. त्याच्या मते बाहेरची थंडी शरीरात शिरते आणि सहा टप्प्यांनी आत उतरत जाते. पहिल्या टप्प्यावर ती कातडीपाशीच असते, तेव्हा तिला घामावाटे बाहेर काढायचे.

त्यासाठी दालचिनीच्या डहाळ्या, पांढरा पिओनी, ज्येष्ठमध, आले आणि चिनी बोरे यांचा काढा. पण खरी गंमत पथ्यात आहे. काढा घेतला की थोड्या वेळाने वाडगाभर गरम पातळ पेज प्यायची, अंगावर पांघरूण घेऊन पडून राहायचे. घाम हलकासा, सर्वांगाला यावा. पाण्यासारखा निथळू नये. पहिल्याच मात्रेने घाम आला तर पुढची घ्यायची नाही. कच्चे, गार, तेलकट, मांस, दारू बंद. आपल्याकडे आजीने दिलेला काढा आणि वर गरम पेज असा बेत ज्यांनी भोगला आहे, त्यांना हे वाचून परके वाटणार नाही.

थंडी आणि ताप आळीपाळीने येत असतील, तर त्याचे उत्तर वेगळे. तेव्हा दुष्ट शक्ती ना बाहेर, ना आत, अशी अधांतरी अडकलेली असते. शरीराची ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती वरचढ झाली की ताप, ती हटली की थंडी. इथे घाम काढायचा नाही, जुलाबही द्यायचे नाहीत. ‘छायहू’ मुळी घालून केलेल्या काढ्याने दोन्ही बाजूंत समेट घडवायचा.

हिवतापाचे त्याहून जुने स्पष्टीकरण ‘ह्वांगदी नेजिंग’ या ग्रंथात आहे, आणि ते मला फार आवडते. दुष्ट वारा मानेमागे ठाण मांडतो. शरीराचे रक्षण करणारी ची पाठीच्या कण्यावरून रोज एकेक मणका खाली सरकते. म्हणून दोघांची गाठ रोज थोडी उशिरा पडते आणि तापाची पाळी रोज थोडी उशिरा येते. पाळी भरात असताना सुई टोचू नये, ती येण्याआधी उपचार करावा, असेही तिथे सांगितले आहे. मणक्यांचा हिशेब चुकीचा आहे, हे उघड. हिवतापाचे परजीवी तांबड्या पेशींत वाढतात, ठरलेल्या तासांनी त्या फोडून बाहेर पडतात आणि तेव्हा थंडी वाजते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. पण कोणीतरी रोग्याच्या उशाशी बसून पाळीची वेळ रोज नोंदवली होती, त्याशिवाय असे स्पष्टीकरण सुचत नाही.

पुढे दक्षिणेतल्या दमट प्रदेशांतल्या वैद्यांना थंडीचा सिद्धान्त पुरेना. १६४२ मध्ये वू योउके याने लिहिले की साथीचे ताप थंडीने होत नाहीत. एक विशिष्ट दूषित ची नाकातोंडावाटे शिरते. अठराव्या शतकात ये तियानशी याने तापाचे चार थर मांडले, तिसऱ्या-चौथ्यात रोगी बरळू लागतो आणि अंगावर पुरळ उठते. १७९८ च्या वू जुतोंगच्या ग्रंथात तर रात्री चढणाऱ्या, सकाळी उतरणाऱ्या पण घाम न येणाऱ्या तापावर छिंगहाओ आणि कासवाची पाठ असा काढा आहे. छिंगहाओ या वनस्पतीचे नाव लक्षात ठेवा.

पहिली मोठी कसोटी लागली ती १९१० च्या हिवाळ्यात, मांचुरियातल्या हार्बिन शहरात. फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगला जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखले की हा रोग उंदरांकडून नाही, श्वासातून पसरतो आहे. त्यांनी कापूस आणि गॉजचे मास्क सक्तीचे केले, संशयितांना वेगळे ठेवले, आणि गोठलेल्या जमिनीमुळे पुरता न आलेल्या हजारो प्रेतांना बादशाही परवानगीने अग्नी दिला. सुमारे ६०,००० माणसे दगावली. मास्क न लावता रोग्याची नाडी धरून बसणारे अनेक चिनी वैद्य त्यांत गेले. मास्कला नकार देणारे फ्रेंच डॉक्टर मेनीसुद्धा गेले, म्हणून हा धडा फक्त वैद्यांना होता असे म्हणता येत नाही. चीनच्या राज्यकर्त्यांच्या मनात मात्र पक्के बसले की साथ आवरायची तर पाश्चात्त्य वैद्यकच हवे.

त्याचा कळस १९२९ मध्ये झाला. जपानमध्ये शिकलेले डॉक्टर यू युनशिउ यांनी सरकारच्या आरोग्य समितीपुढे जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचा ठराव मांडला. १७ मार्चला पंधरा प्रांतांतले वैद्य आणि औषधविक्रेते शांघायला जमले, निषेध झाला, ठराव बारगळला.

पुढे माओंच्या राजवटीत वारे उलट फिरले. खेड्यापाड्यांत डॉक्टर नव्हते, वैद्य होते. त्यांना हाताशी धरणे भागच होते. अशात १९५४-५५ च्या उन्हाळ्यात हेबेई प्रांतातल्या शिज्याझुआंगमध्ये जपानी मेंदूज्वराची साथ आली. (आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी याच शहरात आहे; ते १९४२ मध्ये गेले.) स्थानिक वैद्य गुओ केमिंग यांनी ‘पांढरा वाघ’ नावाचा जुना काढा वापरला: जिप्समची भरपूर पूड, त्यासोबत झिमू मुळी, ज्येष्ठमध आणि तांदूळ. जिप्सम त्यांच्या मते अतिथंड. आतला वणवा विझवणारा. बरे होणाऱ्यांचे प्रमाण चकित करणारे असल्याचे जाहीर झाले, आरोग्य मंत्रालयाने गौरव केला, आणि १९५५ च्या डिसेंबरात बीजिंगला चिनी वैद्यकाची संशोधन संस्था उभी राहिली.

१९५६ मध्ये साथ बीजिंगला आली. तोच काढा दिला आणि उतारा पडेना. तेव्हा सिच्वानहून आलेले वयोवृद्ध वैद्य पू फुझोउ म्हणाले की शिज्याझुआंगमध्ये नुसती उष्णता होती, इथे पावसाळी हवेने उष्णतेत ओल मिसळली आहे. जिप्समने ओल आतच कोंडली जाते. त्यांनी ओल सुकवणारी सुगंधी औषधे घातली आणि रोगी सुधारू लागले, असे सांगतात. चिनी वैद्यकाचे विद्यार्थी ही कथा आजही शिकतात: रोग तोच, पण माणूस, जागा आणि ऋतू बदलला की औषध बदलते.

मला मात्र या कथेत या विद्येचे बळ आणि तिची पळवाट एकाच वेळी दिसतात. जपानी मेंदूज्वर विषाणूने होतो आणि त्यावर नेमके औषध आजही नाही. बरेच रोगी शुश्रूषेने आपोआप सावरतात. काढा न दिलेल्या रोग्यांशी काटेकोर तुलना झालेली नव्हती. औषध लागू पडले तर सिद्धान्त खरा, नाही पडले तर ‘ओल होती’ म्हणून सिद्धान्त खराच, अशा ठिकाणी चूक पकडायची कशी?

ती पकडण्याची संधी युद्धाने दिली. व्हिएतनामच्या जंगलांत सैनिक गोळीपेक्षा हिवतापाने जास्त आडवे होत होते आणि क्लोरोक्विन हे नेहमीचे औषध निकामी ठरू लागले होते. हनोईच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरूनच त्याला ‘५२३’ म्हणतात. जुना उतारा एक होताच. छांगशान नावाची मुळी हिवतापावर खरोखर चालते, हे १९४०च्या दशकात दिसले होते. पण तिने इतक्या ओकाऱ्या होतात की रोगी औषधाला भितो.

१९६९ मध्ये बीजिंगच्या त्याच संस्थेतल्या तू यूयू यांच्याकडे काम आले. त्या औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या आणि नंतर अडीच वर्षे चिनी वैद्यक अभ्यासलेल्या. त्यांच्या गटाने ग्रंथ आणि वैद्यांकडून दोन हजारांवर नुस्खे जमवले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओने एकदा चांगला परिणाम दाखवला, पुढच्या खेपांना दाखवला नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंगच्या छोट्या हस्तपुस्तिकेतली कृती त्यांच्या नजरेत भरली. त्यात मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून पिळायची आणि तो रस प्यायचा, असे होते. उकळायचे नव्हते. काढा म्हणजे उकळणे, हा शेकडो वर्षांचा परिपाठ. आणि औषध कदाचित उकळण्यातच मरत होते. तू यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारे ईथर वापरून अर्क काढला, त्यातला आम्लधर्मी भाग काढून टाकला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले सगळे परजीवी संपवले. १९७२ मध्ये तू आणि दोन सहकाऱ्यांनी आधी स्वतः तो अर्क घेतला, मग हायनानच्या रोग्यांना दिला. त्याच वर्षी शुद्ध स्फटिक मिळाला: आर्टेमिसिनिन.

२०१५ मध्ये तू यांना नोबेल मिळाले तेव्हा चीनमध्ये जुन्या वैद्यकाचा विजय म्हणून जल्लोष झाला. निवड समितीच्या वतीने मात्र हे पारितोषिक पारंपरिक वैद्यकाला नाही, असे सांगण्यात आले. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण वाटा सारखा नाही. रोग्याजवळ बसून केलेली नोंद आणि वनस्पतीची निवड जुन्यांची. पण दोन हजार नुस्ख्यांतून चालणारा वेगळा काढला तो उंदरांनी आणि सूक्ष्मदर्शकाने, नाडीने नव्हे. थंडीशी, मणक्याशी, चीशी आर्टेमिसिनिनचे काही देणेघेणे नाही.

हा भेद विसरला की काय होते, ते जपानने पाहिले. छायहूचाच काढा तिथे यकृताच्या सुजेवर सर्रास दिला जाई. १९९६ मध्ये त्याच्याशी जोडलेल्या फुप्फुसाच्या आजाराने १० मृत्यू झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुरातन म्हणजे निर्धोक, ही समजूत तिथे तरी मोडली. २०२० मध्ये कोविडसाठी चीन सरकारने शिफारस केलेला काढा झांग झोंगजिंगच्याच नुस्ख्यांची जुळणी होता. त्याचे गुणगान फार झाले. कडक तुलनात्मक चाचण्या त्या मानाने थोड्या.

हिवतापाचा हिशेब मात्र चोख आहे. १९४०च्या दशकात चीनमध्ये वर्षाला अंदाजे तीन कोटी लोकांना हिवताप होई. ३० जून २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त जाहीर केले. त्यात फवारणी, मच्छरदाण्या आणि प्रत्येक रुग्णामागे धावणारी यंत्रणा यांचा वाटा औषधाइतकाच मोठा. आपल्याकडे गडचिरोलीत फाल्सिपेरम हिवतापाच्या रुग्णाला जी पाकिटातली गोळी मिळते, तिच्यात याच छिंगहाओचे सत्त्व आर्टेसुनेटच्या रूपात असते आणि सोबत दुसरे औषध असते. आर्टेमिसिनिन रक्तात काही तासच टिकते. एकट्याने दिले तर उरलेले परजीवी निर्ढावतात. आग्नेय आशियात तसे परजीवी सापडलेही आहेत.

म्हणून या वनस्पतीच्या वाळल्या पानांचा चहा ‘नैसर्गिक मलेरिया उपचार’ म्हणून कोणी विकत असेल, तर घेऊ नका. त्यातली मात्रा अनिश्चित असते आणि जागतिक आरोग्य संघटनेचाही त्याला पाठिंबा नाही. हुडहुडी भरून ताप आला, तर थंडी आधी की ताप आधी हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि गोळ्या दिल्या तर बरे वाटल्यावरही पाकीट संपवा.