काचपेटींतील थवा

मत्स्याहार वर्ज्य असलेल्या घरांतही मुलांच्या हौसेखातर माशांची काचपेटी येते. मात्र तींत एक-दोनच मासे ठेवणें आम्हांस रुचत नाहीं. झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशांतला मासा. हॅमिल्टननें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. लांबी जेमतेम दीड इंच, पण स्वभाव थव्यानें राहण्याचा. एकटा पडला कीं बिथरतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. ६० लिटर पाण्यांत निदान ८ तरी असावे.

हायड्रिलासारख्या पाणवनस्पती आधीं रुजूं द्याव्या. माशांच्या मलमूत्रापासून होणारा अमोनिया त्या शोषितात. उरलेलें काम जिवाणूंचें; त्यांचा जम बसण्यास महिना-दीड महिना लागतो. तेवढा धीर नसेल तर पेटी आणूंच नये.

हौस फिटली म्हणजे मासे माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर कृष्णेंत सोडण्याचा मोह होतो, वर पुण्य जोडल्याचें समाधान! पण पेटींतले रोगही त्यांजबरोबर जातात. दक्षिण अमेरिकेंतला गप्पी डासांच्या अळ्यांसाठीं आणला, तो आतां ठिकठिकाणच्या ओढ्यानाल्यांत पसरला आहे. परत काढावा कसा? नकोसे मासे दुकानदारास किंवा पेटी बाळगणाऱ्या स्नेह्यांस द्यावे.