केळीच्या शेडमधली लाल परी

पाव शतक जुनी स्पोर्ट्‌स कार, खान्देशचं ऊन आणि फ्रीलान्सरचं बजेट. चार वीकएंडमध्ये गाडी चालू होईल?

'लाल परी' म्हटलं की सावद्यात कुणाच्याही डोळ्यांसमोर एसटी येते. माझ्या मामाकडे मात्र दुसरीच एक लाल परी आहे. दोन दरवाजे, दोन सीट्‌स, उघडणारं छत... नाव सॅन स्टॉर्म! ऐकलं नसेल तर लाजू नका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही गाडी गोव्यात बनायला लागली. बॉडी फायबरग्लासची, म्हणून हलकी. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद साधारण 60 बीएचपी. आजच्या हिशेबात ती फार नाही, पण वजन कमी असलं की तेवढ्यातही धमाल येते. हलक्या स्पोर्ट्‌स कारचा सगळा फंडाच तो. 1962 ची लोटस एलान घ्या किंवा 1989 ची माझदा एमएक्स-5, गणित हेच.

मामाने 2005 मध्ये ही गाडी सेकंडहॅण्ड घेतली तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. "केयीवाला माणूस, टेम्पो घ्यायचा सोडून खेळणं घेतलं!" मामा हसण्यावारी न्यायचा आणि संध्याकाळी छत उघडून फैजपूरला चक्कर मारायचा. मग 2015 ला बायपास झाली आणि गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. यंदा मामीने जाहीर केलं, "दिवाळीआधी शेड रिकामी पाहिजे." भंगारवाला येऊन भावही सांगून गेला. मामा काही बोलला नाही. पण रोज संध्याकाळी तो गाडीवरची धूळ पुसत होता, हे मामीनेच मला फोनवर सांगितलं.

झालं! पुण्याहून रात्रीची ट्रेन, भुसावळला उतरून एसटी, आणि मी सावद्यात हजर.

किल्लीला हात नको!

माझा प्लॅन सोपा होता. नवी बॅटरी लावायची आणि स्टार्टर मारायचा. गावातले ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्री आले आणि त्यांनी किल्लीच काढून घेतली. "ताई, दहा वर्षं झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवता का?"

मुद्दा बरोबर होता. उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल कुजतं, चिकट होतं. ते पंपात अडकतं, इंजेक्टर बुजवतं. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. आम्ही टाकी रिकामी करून धुतली, पंप बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि इंजिन आधी पान्याने, हाताने फिरवलं. फिरलं! मामाने तेव्हा पहिल्यांदा चहा मागवला.

रबरी पाइप मात्र सगळे गेले होते. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून नवे पाइप घेताना ई20 ला चालणारेच घ्या.

टायमिंग बेल्टने दुसरा वीकएंड खाल्ला. हा बेल्ट किलोमीटरवरच नाही, वयानेही संपतो. "लोगनचा बसेल का?" मी विचारलं. नाही. भारतात आलेल्या लोगनची इंजिनं वेगळी होती. आपलं इंजिन युरोपातल्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये बसायचं, त्यामुळे बेल्ट तिकडून मागवावा लागला. जुन्या गाडीचं खरं दुखणं हेच, बिघाड छोटा आणि वाट बघणं मोठं.

भुताटकी!

तिसऱ्या वीकएंडला इंजिन सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या, हेडलाइट लावले... आणि डावा इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकायला लागला. हॉर्न दाबला की लाइट मंद. तापमानाचा काटा उगाच वर! मी मनातल्या मनात नव्या वायरिंगचा खर्च मोजायला लागले.

मिस्त्रींनी बॉडीवर टिचकी मारली. "हे प्लास्टिक आहे ना? मग अर्थिंग कुठून मिळणार?"

क्या बात है! साध्या गाडीत लोखंडी बॉडीच अर्थचं काम करते. फायबरग्लासमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. तिचं टोक गंजलं की करंट दुसऱ्याच दिव्यातून वाट शोधतो. सगळी टोकं पॉलिश पेपरने घासली, दोन वायरी नव्या टाकल्या. भूत पळालं. खर्च? एका पिझ्झाइतकासुद्धा नाही.

45 अंशांची परीक्षा

आमच्याकडचा मे महिना म्हणजे गाडीची बोर्डाची परीक्षा. म्हणून रेडिएटर उघडून धुतला, थर्मोस्टॅट बदलला, फॅनचा स्विच तपासला. ब्रेक जाम होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून गंज धरतो. सील आणि ऑइल, दोन्ही नवीन. टायर वरून झकास दिसत होते, पण मिस्त्रींनी बाजूचा आकडा वाचून चारही बाजूला काढले.

बिल चाळीस हजारांच्या आसपास गेलं. निम्मे माझे, निम्मे मामाचे. माझी गोव्याची ट्रिप गेली, पण गोव्याची गाडी मिळाली!

आरसीची मुदत संपलेली, म्हणून रस्त्यावर न्यायची सोय नाही. चौथ्या रविवारी मामाने ती शेतातल्याच वाटेवर काढली. दोन्ही बाजूंना केळी, छत उघडं, वेग जेमतेम तीस. परत आला तेव्हा मामी शेडच्या दारात उभी होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिने पदर खोचला, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली. "चला, एक चक्कर. मग बघू भंगारवाल्याचं."

पुढच्या आठवड्यात गाडी जळगावच्या आरटीओत जाणार आहे... केळीच्या टेम्पोत बसून!

जुनी स्पोर्ट्‌स कार घेताय? मग हे बघा

• फायबरची बॉडी गंजत नाही, खालची लोखंडी चासी गंजते. कार्पेट उचला, खाली वाकून बघा.

• उघड्या छताच्या गाडीत पाणी निघायची भोकं बुजलेली नाहीत ना? जुन्या एमएक्स-5 चे दरवाज्याखालचे पत्रे त्यामुळेच सडतात.

• हेडलाइट, इंडिकेटर, वायपर एकदम लावा. गोंधळ झाला तर आधी अर्थिंग तपासा.

• टायरवरचा चार आकडी कोड वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

• ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी!

• खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. आधी कागद बघा, मग प्रेमात पडा.