डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर असताना टेबल कशाला?

स्कूबावरच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: कॉम्प्युटर सगळं सांगतो, मग टेबल का शिकायचं? मालवणला पर्यटक म्हणून उथळ पाण्यात उतरणाऱ्यांना आजच्या विषयाची गरज नाही. आपण बोलतोय डीकम्प्रेशन डाइव्हबद्दल.

खोल पाण्यात दाबामुळे श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळतो. झटकन वर आलात तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे होतात. ठरावीक वेळेपलीकडे खाली राहिलात, की थेट वर यायची सोय संपते. मग ९, ६, ३ मीटरवर थांबत थांबत यावं लागतं. डोक्यावर न दिसणारं छतच म्हणा.

याचं पहिलं शास्त्रीय टेबल जे. एस. हाल्डेन यांनी १९०८ साली मांडलं, शेळ्यांवर प्रयोग करून. हाल्डेननी शरीराचे ५ काल्पनिक कप्पे धरले होते. आज अनेक कॉम्प्युटर बुलमान यांचं १६ कप्प्यांचं गणित वापरतात. म्हणजे घराणं एकच. फरक कुठे? टेबल धरून चालतं की तुम्ही सगळा वेळ सर्वात खोल जागीच होता. ३० मीटरला ५ मिनिटं आणि बाकी वेळ १५ मीटरला काढलात, तरी हिशेब ३० चाच. कॉम्प्युटर मात्र दर काही सेकंदांनी खरी खोली मोजतो. त्यामुळे साध्या, न थांबता वर येता येईल अशा डाइव्हला कॉम्प्युटरच बरा, यात मला वादच दिसत नाही.

डीकोमध्ये मात्र प्रश्न बदलतो. आकडे बघा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरू. ४५ मीटरवर दाब ५.५ बार, म्हणजे मिनिटाला ११० लिटर. तळाशी २० मिनिटं काढली तर २,२०० लिटर संपले. आणि १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर त्यात असतात साधारण २,४००! नंतर ६ मीटरवर १५ मिनिटं थांबायचं असेल तर तिथे आणखी ४८० लिटर हवेत. वर येताना लागणारी हवा वेगळीच. शिवाय जोडीदाराची हवा संपली तर?

कॉम्प्युटर म्हणेल, "६ मीटर, १५ मिनिटं." त्याचं बरोबरच आहे, पण ती हवा आणायची कुठून? ट्रान्समीटर जोडलेला असेल तर कमी हवेचा इशाराही मिळतो, पण तोवर तुम्ही पाण्याखाली असता. हा हिशेब बोटीवर चढण्याआधीच करायला हवा.

म्हणून मुरलेले टेक्निकल डाइव्हर आधी प्लॅनिंग सॉफ्टवेअरवर डाइव्ह आखतात. कुठल्या मिनिटाला किती खोलीवर असायचं ते स्लेटवर लिहून घेतात. हे त्या डाइव्हपुरतं बनवलेलं टेबलच झालं. त्यासोबत पर्यायी योजनाही असतात: ३ मीटर जास्त खोल गेलो तर? ५ मिनिटं उशीर झाला तर? थांब्यांसाठी नेलेला जास्त ऑक्सिजनचा सिलिंडर वापरता आला नाही तर? या शेवटच्या बाबतीत थांबे चांगलेच लांबतात.

आणखी एक गंमत. कॉम्प्युटरमध्ये ग्रेडियंट फॅक्टर नावाची सेटिंग असते, सावधगिरी कमी-जास्त करायची. तुमची ३०/७० आणि जोडीदाराची ५०/८० असेल, तर एकाच डाइव्हनंतर दोघांचे थांबे वेगळे. डाइव्हआधी दोन्ही स्क्रीन शेजारी धरून पाहायला अर्धं मिनिट पुरतं, तरी किती जण पाहतात!

बरं, थंडी, दमणूक, अंगातलं कमी झालेलं पाणी हे ना टेबलाला कळतं, ना बहुतेक कॉम्प्युटरना. तिथे जास्तीचा थांबा आपणच घ्यायचा.

मग माझी निवड? पाण्याखाली कॉम्प्युटरच्या मागे जायचं, पण दुसरा कॉम्प्युटर सोबत हवा. पहिला बंद पडला तर दुसरा, आणि तोही गेला तर साधं घड्याळ, डेप्थ गेज आणि खिशातली स्लेट.