दारातली खडी आणि शेजारच्या घरातले पाणी

दिव्यात राहणाऱ्याला चिखलाची ओळख करून द्यावी लागत नाही. खाडीलगतची ही सखल जमीन. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस लागला की गटाराचे पाणी पुढे सरकत नाही, उलट दारात येते. आमचे घर बैठ्या चाळीत आहे. गल्लीपासून उंबऱ्यापर्यंत ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद मोकळी वाट आहे. भावाची रिक्षा तिथेच उभी असते.

एका उन्हाळ्यात आम्ही त्या वाटेवर माती आणि राडारोडा टाकला. वाट उंच झाली म्हणजे काम झाले, असे वाटले. पहिल्याच पावसात मातीचा रबडा झाला. फजरच्या नमाजला निघालेले अब्बा घसरले आणि त्यांचे मनगट मोडले. त्याच दिवशी आमच्या वाटेवरचे पाणी शेजारच्या खालांच्या घरात शिरले. त्यांची तांदळाची गोण भिजली. खाला काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला मान वर करता येईना.

उत्तर रोज डोळ्यांसमोर होते. दिवा जंक्शनच्या फलाटावरून रुळांखालची खडी पाहा. फोडलेल्या दगडाच्या कडा एकमेकींत अडकतात म्हणून ती सरकत नाही आणि फटींतून पाणी निघून जाते. फटी मातीने बुजल्या की रेल्वे ती खडी उपसून, चाळून पुन्हा टाकते. (ती खडी कुणी घरी आणू नये. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे आणि गाडीतल्या माणसांचा जीव तिच्यावर आहे.)

वाट कशी करावी?

आम्ही माती उपसली, मुरूम पसरून पाणी मारले आणि धुमसाने ठोकला. उतार इथेच द्यावा लागतो, कारण खडीतून पाणी खाली जाते, पण खालची चिकण माती ते पीत नाही. दर १० फुटांना सुमारे ३ इंच उतार पुरतो. तो गल्लीतल्या गटाराकडे असावा, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नव्हे. दोन्ही कडांना विटा उभ्या लावल्या. त्यावर ४ इंच खडी, दोन थरांत. हिशेब सोपा आहे: ३० गुणिले ८ गुणिले एक तृतीयांश, म्हणजे ८० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून पाऊण ब्रासहून थोडी जास्त. गोल गोटे घेऊ नयेत, ते चाकाखालून निसटतात.

देखभाल

मे महिन्यात दाताळ्याने कडेला गेलेली खडी मध्ये ओढावी. चाकांच्या चाकोरीत खड्डा पडला तर त्यात माती टाकू नये. खडी बाजूला करून, खालचा मुरूम ठोकून, वर पुन्हा खडीच भरावी. पालापाचोळा लगेच झाडावा. तो कुजला की त्याची माती होते आणि फटी बुजतात. गवत पहिल्या पावसानंतर मुळासकट उपटावे, तेव्हा ते सहज निघते. पाण्याचे डबके दिसले की समजावे, उतार बिघडला आहे. तिथेच डास होतात.

गल्लीचे गटारच तुंबलेले असेल तर घरची खडी काही करू शकत नाही. अशा वेळी पावसाळ्यापूर्वीच चार घरांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेच्या प्रभाग समितीत द्यावा.

रस्त्यातला त्रासदायक दगड-काटा बाजूला करणे ही नेकी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या दारातून दुसऱ्याच्या घरात जाणारे पाणीही त्यातच धरायला हवे. आता दर मे महिन्यात आमच्या आणि खालांच्या घरामधला चर दोन्ही घरची मुले मिळून साफ करतात. अब्बा काठी टेकत त्याच वाटेने मशिदीत जातात. खडी पायाखाली करकरते, आणि अम्मीला आत बसूनच कळते की ते सुखरूप परतले.